आधी नोंद, मग चव

सकाळी दहा ते बारा तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा त्या लिलावघराचा अलिखित कायदा होता. दारावरचा दरवान एरवी मोठा बोलघेवडा, पण तिला येताना पाहिलं की तोही नुसती मान हलवायचा. उठल्यापासून कोमट पाण्याखेरीज तिच्या पोटात काही गेलेलं नसायचं. साबण बिनवासाचा, केसांना तेल नाही, अंगाला पावडर नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या उत्तरेकडच्या खोलीत जायचं, खिडकी वीतभर उघडायची, पांढऱ्या टेबलावर निमुळत्या तोंडाचे तीन पेले मांडायचे आणि जुन्या व्हिस्कीचं वय ठरवायचं. अठरा वर्षं तिचं हेच काम होतं.

जुन्या बाटल्यांच्या धंद्यात लबाडी फार. लेबल छापता येतं, लाख नव्याने ओतता येते, काचेला धुळीचा थर देता येतो. ती बुचातून केसासारखी सुई घालून चमचाभर व्हिस्की काढायची. आधी लांबून हुंगायची, मग जवळून. दोन थेंब पाणी टाकायची, एक घोट जिभेवर घोळवायची आणि बेसिनमध्ये थुंकायची. कोवळी व्हिस्की नाकाला ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते आणि घशाला चावते. वीसेक वर्षं लाकडी पिंपात राहिलेली असेल, तर आधी मेणाचा वास येतो, मग सुकवलेल्या फळांचा, आणि सगळ्यात शेवटी, बऱ्याच दिवसांनी उघडलेल्या कपाटाचा. बाटलीत भरल्यावर मात्र तिचं वय वाढत नाही. पिंपातून निघाली त्या दिवशी जेवढी, तेवढीच ती जन्मभर. या एका गोष्टीवर सगळा व्यवहार उभा होता.

लिलावघर तिच्या थोरल्या भावाचं. दादाला स्वतःला चवीचं अंग नव्हतं. डोळे मिटायला लावून चहा दिला तर कॉफी म्हणून पिऊन मोकळा होईल, असा. पण गिऱ्हाइकांना तो छाती पुढे काढून सांगायचा, "कागद खोटं बोलेल, माझी बहीण नाही बोलणार." ती त्रेचाळीस वर्षांची झाली तरी त्याच्या तोंडी 'चिमी'च होती. अठरा वर्षांत त्याने आणलेली एकही बाटली खोटी निघाली नव्हती. दादा दहा ठिकाणी फिरून पारखून माल आणतो, असं ती सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

त्याचा नियम एकच होता आणि तो पहिल्या दिवसापासून होता. आधी नोंद, मग चव. आदल्या संध्याकाळी तो पेन्सिलीने चिठ्ठी लिहून पाठवायचा: बाटलीचा क्रमांक आणि लेबलावरचं वय. ते तिने आपल्या अक्षरात वहीत उतरवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चाखायचं. शिस्त म्हणजे शिस्त. तिने कधी त्यावर विचारही केला नाही.

त्या सोमवारी दादा परगावी होता. गाडीवाल्याने सकाळी साडेनऊला एक खोकं आणून थेट तिच्या टेबलावर ठेवलं. हातात दुसरं काम नव्हतं. तिने बाटली काढली, सुई घातली आणि पेला नाकाशी नेला.

ओला पुठ्ठा.

तिने पेला खाली ठेवला, खिडकीशी जाऊन चार श्वास घेतले आणि परत हुंगली. मग चाखली. घशाला चावली. फार तर तीन वर्षांची होती. लेबल मोठ्या दिमाखात वीस वर्षं सांगत होतं. खोक्याच्या तळाशी दादाची चिठ्ठी चिकटलेली होती, तिच्यावरही वीस. तिने उरलेला नमुना छोट्या कुपीत भरला, बूच लावून खणात ठेवला आणि दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. दादाला कुणीतरी फसवलं होतं, आणि ते त्याला आपण कसं सांगायचं, हीच तिला काळजी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला.

"दादा, ही खोटी आहे. तीन वर्षांचीसुद्धा नसेल."

तो दचकला. पण कुणी दिली, किती नुकसान झालं, यातलं काही बोलला नाही. म्हणाला, "नोंद केली होतीस?"

"चिठ्ठी तळाशी होती, दिसली नाही. पण नोंदीचा इथे काय संबंध?"

"सर्दी झालीय तुला."

"मला सर्दी नाही."

"चिमे, ऐक माझं. आत्ता नोंद कर आणि उद्या परत चाख. उद्याही खोटी लागली तर मी स्वतःच्या हाताने गटारात ओतीन."

तिने वही उघडली आणि लिहिलं, वीस वर्षं. दोन मिनिटं एका जागी न टिकणारा दादा शाई वाळेपर्यंत तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. त्याचा श्वास तिच्या मानेला लागत होता.

सकाळी तिने पेला उचलला. मेण. सुकलेली फळं. बंद कपाट. वीस वर्षं, त्यात महिन्याचंही उणं-अधिक नाही. सर्दी असेल, असं तिने मनाला समजावलं असतं. पण खणात कुपी होती. तिने बूच काढून हुंगलं. तीही वीस वर्षांची झाली होती. रंगसुद्धा गवती पिवळ्याचा तांबूस झाला होता.

त्याच दिवशी घरी जाताना ती शिवणवाल्या काकूंकडे थांबली. तिच्याच इमारतीत तळमजल्यावर त्यांचं दुकान. लग्न होऊन ती या इमारतीत आली, तेव्हापासून, म्हणजे वीस वर्षं, तिचे कपडे त्याच शिवत. टेप लावायची त्यांना गरज नसे. तिचं वजन वाढलेलं तिच्याआधी त्यांना कळायचं.

"काकू, हे जरा कमरेत सैल करून द्या."

काकूंनी चष्मा वर केला. "माप द्यावं लागेल. नवीन राहायला आलात का?"

ती हसली. काकूंना थट्टेची सवय होतीच. पण काकू टेप घेऊन खरोखरच उठल्या आणि परक्या बाईला लावतात तशा अदबीने, अंग न लागू देता, माप घेऊ लागल्या. मापाची जाड वही त्यांनी काढली. तिच्या पानावर कायम एक सुकलेला चहाचा डाग असे, तिच्याच हातून सांडलेला. तो डाग होता. त्याभोवतीचं पान कोरं होतं.

"बसा ना," काकू म्हणाल्या. "उभ्या का? घाम आलाय तुम्हाला."

रविवारी तिने आईला हे सांगितलं. आई गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहायची आणि तिची तब्येत, कान, स्मरण, सगळं खणखणीत होतं. "म्हातारपण आहे बाई," आई म्हणाली. "आज त्या विसरल्या, उद्या मी विसरेन." आणि तिच्या हातातली बशी काढून घेत म्हणाली, "तू किती वाळलीस! तो तुझा दादा तुला जेवू देतो की नुसतं प्यायलाच लावतो?"

ती हसली, पण घरी परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळ्यात हलक्या व्हिस्कीची बाटली घेऊन आली. तिला शहानिशा करायची होती. अठरा वर्षं तिने तेवढंच केलं होतं. बाटली उघडून चाखली: कच्ची, वर्षा-दोन वर्षांची. मग एका कागदावर आपल्या अक्षरात लिहिलं, सात वर्षं. सात का, तर पहिला सुचला तो आकडा. कागद बाटलीखाली ठेवून ती झोपली.

सकाळी व्हिस्की सात वर्षांची होती.

आणि बोका टेबलाखाली अंग फुगवून बसला होता. सात वर्षांपूर्वी जिन्यात बुटांच्या खोक्यात सापडलेला हा बोका रोज तिच्या पायाशी झोपायचा. तिने हात पुढे केला तर त्याने पंजा मारला. रक्त आलं. तिने दार उघडलं, तसा तो भिंतीच्या कडेकडेने बाहेर गेला. जिन्याच्या वळणावर त्याने मागे पाहिलंही नाही.

त्या दिवशी तिने एकही पेला मांडला नाही. कपाटातून अठरा वर्षांच्या वह्या काढल्या आणि दार लावून वाचत बसली.

नऊ वर्षांपूर्वीच्या वहीत एका बुधवारी तिच्या अक्षरात लिहिलं होतं, अकरा वर्षं. तिला तो बुधवार आठवण्याचं कारण नव्हतं. त्यानंतरचा गुरुवार मात्र ती मरेपर्यंत विसरणार नव्हती. त्या सकाळी नवरा पलंगाच्या कडेला बसून तिच्याकडे बघत होता. "मी तुम्हाला ओळखत नाही," तो म्हणाला होता. तिला 'तुम्ही' म्हणाला होता. तासाभरात चार कपडे घेऊन निघून गेला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. रागाच्या भरात माणसं असं बोलतातच. दुसरी कुणीतरी असणार, असं सगळे म्हणाले, आणि तिनेही तसंच धरून चालून नऊ वर्षं त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

सात वर्षांपूर्वी, तीस वर्षं. त्याच आठवड्यात पहिलीपासूनची जिवलग मैत्रीण भर बाजारात समोरून आली आणि ओळख न दाखवता निघून गेली होती. शिष्ट झाली म्हणून हिनेही तिचं नाव टाकलं होतं.

ती पानं उलटत राहिली. कितीक आकड्यांपुढे तिला कुणीच आठवलं नाही, आणि त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

मग तिला दुसरी गोष्ट दिसली. वह्यांत बाराच्या पुढचे जवळजवळ सगळे आकडे पुन्हा पुन्हा येत होते. पण दर वर्षी एक आकडा गाळलेला होता. ती तिशीची होती त्या वर्षी तीस नव्हता. पुढच्या वर्षी तीस होता, एकतीस नव्हता. चाळिशीच्या वर्षी चाळीस नाही. यंदा बेचाळीस दोनदा होता, चव्वेचाळीस एकदा होता. त्रेचाळीस कुठेच नव्हता. गेल्याच महिन्यात त्रेचाळीस वर्षांची म्हणून एक बाटली आली होती. दादाने ती परस्पर आपल्या कपाटात ठेवली आणि मालकाचा विचार बदलला असं सांगितलं.

त्रेचाळीस वर्षं तिला ओळखणारा माणूस म्हणजे दादा.

दुपारी तीन वाजता ती यंदाची वही काखेत मारून पहिल्या मजल्यावर उतरली. दादा टेबलाशी बसून लेबलं चाळत होता. तिच्या हातातली वही पाहिली आणि त्याने लेबलं बाजूला सारली. काही विचारायची गरजच उरली नाही.

"कधीपासून माहीत आहे?" तिने विचारलं.

"बस आधी."

"कधीपासून?"

"दुसऱ्या बाटलीपासून." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "पहिली खरंच मला फसवून विकलेली होती. घेतल्यावर एकाने सांगितलं कच्ची आहे म्हणून. तू नोंद केलीस आणि सकाळी जुनी निघाली. मग मी मुद्दाम कच्ची आणली."

"आणि नंतरच्या?"

त्याने बाजूला सारलेली लेबलं पुन्हा जवळ ओढली.

"दादा, नंतरच्या सगळ्या?"

"सगळ्या."

ती खुर्चीवर बसली. अठरा वर्षं साबण बिनवासाचा, सकाळी तोंडाला चहा नाही, सर्दी होईल म्हणून पावसात पाऊल नाही. लोक तिच्या जिभेचे दाखले द्यायचे. आणि ती काय चाखत आली होती, तर स्वतःचंच आदल्या दिवशीचं अक्षर.

"माझा नवरा गेला तेव्हा तू घरी आला होतास," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. दुसरी बाई असेल, हे पहिल्यांदा तूच म्हणालास."

"कोण जाईल ते मला माहीत नसायचं, चिमे. देवाशपथ. कुणीतरी जातं एवढंच कळलं होतं."

"आणि स्वतः जाऊ नये म्हणून माझं वय गाळत आलास."

तो काहीतरी बोलणार होता. पण तिने त्याला बोलू दिलं नाही. ती उठली, त्याच्या कपाटाशी गेली आणि ती बाटली काढून टेबलावर ठेवली. वही उघडली. पेन त्याचंच घेतलं.

"चिमे, नको."

तिने क्रमांक लिहिला.

"अगं ऐक. ऐकून तरी घे!"

त्याने मनगट धरेपर्यंत आकडा लिहून झाला होता. त्रेचाळीस वर्षं. अक्षर जरासुद्धा हललं नव्हतं. उद्या सकाळी या माणसाने आपल्याला ओळखू नये, एवढंच तिला त्या घडीला हवं होतं. आपणही त्याची ओळख मग दाखवायची नाही.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो हळूच म्हणाला, "मी स्वतःसाठी नव्हतो गं गाळत. त्रेचाळीस वर्षांपूर्वी तू घरात आलीस, तेव्हा घरात मी एकटाच होतो का?"

तिला अर्थ कळायला वेळ लागला. कळला तेव्हा तिच्या तोंडून निघालं, "आई."

मग दोघंही एकदम हलली. दादाने बाटली कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये उपडी केली. तिने पान फाडलं, त्याने ते काडी लावून जाळलं आणि राख पाण्याबरोबर सोडली. "झालं," तो म्हणाला. "गेलं. बाटलीच नाही तर वय कुणाचं वाढणार?"

तो खाली टॅक्सी बघायला धावला होता, तोवर ती चालतच निघाली.

आईने दार उघडलं आणि म्हणाली, "आज कशी काय? आज रविवार आहे का?" तिने आईला उंबऱ्यातच मिठी मारली. आई गोंधळली, मग तिनेही पाठीवर थोपटलं. "काय झालं? दादाशी भांडलीस ना? तरी मी म्हणत होते."

संध्याकाळभर ती आईच्या मागे मागे फिरत राहिली. आईने सूप केलं, तिने भांडी विसळली. जेवताना तिने आईला सगळं परत परत सांगायला लावलं. मी जन्मले तेव्हा कोण कोण होतं, मी किती रडायचे, पहिला शब्द कोणता बोलले. आई कंटाळली नाही. ती जन्मली तेव्हा दादा हट्ट धरून बसला होता की मला हिला बशीतून दूध पाजू द्या. एकदा ताप चढला तेव्हा आई तीन दिवस तिला खांद्यावरून खाली ठेवत नव्हती. तेव्हापासून आईचा डावा खांदा दुखायचा. "हा बघ, अजून दुखतो," आई म्हणाली आणि हसली.

"तू आज झोपू नकोस ना," ती म्हणाली.

"वेडी का तू? झोपू नको म्हणे. सरक तिकडे." आईने आपल्या शेजारी तिची गादी घातली. आईचा हात हातात धरून ती छताकडे बघत पडली. आईचा श्वास संथ लागला. जागं राहायचं, हात सोडायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. पण खिडकी उजळायला लागली आणि तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन गादीवर आलं होतं. हात रिकामा होता. शेजारचं अंथरूण नीट घडी घालून ठेवलं होतं. तिच्या अंगावर गळ्यापर्यंत पांघरूण होतं, चारी बाजूंनी खोचलेलं. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. लहानपणी आई असंच खोचायची.

दाराबाहेरून आईचा आवाज येत होता. ती फोनवर बोलत होती, दबक्या आवाजात.

"अरे, तू जरा लवकर येतोस का? घरात कुणीतरी बाई झोपलीय. . . हो, माझ्या शेजारी. . . मी कुठून ओळखणार तिला? चाळीस-पंचेचाळीसची असेल. दमलेली दिसते बिचारी. मी नाही उठवलं. पांघरूण घातलंय. . . पण तू ये बाबा. मला भीती वाटतेय. . . अरे, तू रडतोयस काय?"

तिने हाक मारायला तोंड उघडलं.

फोन ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दाराच्या फटीतून आईचा एक डोळा क्षणभर दिसला. दोघींची नजरानजर झाली.

दार हलकेच ओढून घेतलं गेलं, आणि पाहुण्याची झोप मोडू नये इतक्या बेताने, बाहेरून कडी लागली.